हिंट दिली की काहींना आठवतं, काहींना नाही. या फरकाचा अर्थ काय?

कवडसा

स्मृतिभ्रंश असलेल्यांची घरी काळजी घेणाऱ्यांसाठी टिपण तयार करतेय. एका मुद्द्यावर गाडी अडली आहे, म्हणून हा धागा.

चाचणीत तीन शब्द सांगतात आणि पाच मिनिटांनी विचारतात. समजा दोघांनाही एकही शब्द सांगता आला नाही. मग "त्यात एक फूल होतं" अशी हिंट दिली की एकजण चटकन बरोबर फूल सांगतो. दुसरा म्हणतो, "शब्द? कुठले शब्द?" कागदावर मात्र दोघांच्या नावापुढे शून्यच पडतं.

१. हा फरक आजाराबद्दल काय सांगतो, आणि त्यावर किती भरवसा ठेवावा?
२. चाळीस वर्षांपूर्वीचं आठवतं आणि सकाळचं नाही, हे नेमकं कशामुळे? "जुन्या आठवणी मेंदूत दुसरीकडे असतात" एवढ्यावर सगळीकडे बोळवण केलेली दिसते.
३. "सांगा बघू मी कोण? आज वार कुठला?" असं दिवसभर विचारत राहिलं की मेंदूला व्यायाम होतो, असं बरेच जण सांगतात. खरं आहे का?
४. 'वय झालं' किंवा 'अल्झायमर' हा शिक्का बसण्याआधी काय काय तपासून झालेलं असावं?

गोळ्यांबद्दल कोणी लिहिणार असेल तर नावं आणि मात्रा नेमक्या द्या, ही विनंती.

---

अर्धविराम

१ आणि २ घेतो.

"आठवत नाही" या एका तक्रारीखाली निदान चार निरनिराळे बिघाड असू शकतात. मुळात लक्षच नव्हतं. लक्ष होतं पण नोंद झाली नाही. नोंद झाली पण टिकली नाही. किंवा टिकून आहे, पण हवी तेव्हा सापडत नाही. हिंटचा उपयोग होतो तो या शेवटच्या बिघाडात. नोंदच नसेल तर हिंट शोधून आणणार काय?

नोंद करण्याचं आणि ती टिकवण्याचं काम हिपोकॅम्पस आणि त्याला लागूनच असलेल्या एंटोऱ्हायनल कॉर्टेक्सचं. ही जोडी दोन्ही बाजूंना, टेंपोरल लोबच्या (कानशिलाकडच्या भागाच्या) आतल्या कडेला असते. अल्झायमरमध्ये टाऊ प्रथिनाचे गुंते कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थरात) सर्वांत आधी याच पट्ट्यात जमतात. अमायलॉइड या दुसऱ्या प्रथिनाचे थर आधी दुसरीकडे दिसतात, पण विस्मरण किती वाढलंय याचा मेळ अमायलॉइडपेक्षा टाऊशी जास्त बसतो. कॉर्टेक्समध्ये जमा झालेली पाहण्या-ऐकण्याची माहिती हिपोकॅम्पसकडे जाते ती मुख्यतः एंटोऱ्हायनल कॉर्टेक्समधून. तिथेच पेशी मरायला लागल्या की नवीन प्रसंग आत पोचतच नाही. तुमचा "कुठले शब्द?" म्हणणारा माणूस खोटं बोलत नाही की लपवत नाही. त्याच्या लेखी ते शब्द कोणी उच्चारलेच नव्हते.

पार्किन्सनमध्ये, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारात आणि बऱ्याचदा नैराश्यात चित्र उलटं असतं. हिपोकॅम्पस त्या मानाने शाबूत असतो. कपाळामागचा फ्रंटल लोब आणि त्याला खोलवरच्या केंद्रांशी जोडणारे तंतू दुखावलेले असतात. आठवण धुंडाळण्याचं काम या फ्रंटल लोबचं असतं. तुम्ही "फूल होतं" म्हणालात की ते धुंडाळणं तुम्हीच करून दिलंत, शब्द बाहेर येतो.

आता भरवशाचं. तीन शब्दांवर निदानाचा इमला चढवू नये. नीट करायचं तर हर्मन बुश्के यांनी १९८०च्या दशकात बसवलेली पद्धत बघा. १६ चित्रं, एका कार्डावर चार. कार्ड समोर ठेवून विचारायचं, "यातलं वाद्य कुठलं?" माणसाने बोट ठेवून नाव सांगायचं. चारही झाली की कार्ड उलटं करून लगेच त्याच हिंटांनी चारही विचारायची. चुकलं तर पुन्हा दाखवायचं. असं चारही कार्डांचं. मग २० सेकंद उलटे आकडे मोजायला लावून आधी बिनहिंट जितकी येतील तितकी, आणि राहिलेल्यांना हिंट देऊन. अशा तीन फेऱ्या, म्हणजे एकूण ४८ पैकी गुण.

सगळी मेख पहिल्या पायरीत आहे. प्रत्येक चित्रावर बोट ठेवून घेतलं, त्यामुळे "लक्षच नव्हतं" ही शक्यता बरीचशी बाद झाली. शिवाय नोंद होताना जी हिंट वापरली तीच पुढे वापरली. आता बिनहिंट १५ आणि हिंटसह ४४ आले, तर साठवण ठीक आहे, शोध कच्चा आहे. बिनहिंट १० आणि हिंटसह २४ आले, तर साठवणच गळतेय. (आकडे फक्त समजण्यासाठी. खरा निकाल वय आणि शिक्षणाच्या तक्त्याशी ताडूनच लावतात.) अल्झायमरमध्ये आणखी एक गोष्ट दिसते: हिंट दिल्यावर यादीत नसलेला शब्द ठामपणे सांगितला जातो. "वाद्य?" "तबला." चित्र सनईचं होतं.

यावरूनच घरगुती प्रयोगात होणारी एक चूक कळेल. "फूल" या हिंटला गुलाब हा शब्द ठेवला, तर काहीही आठवत नसलेला माणूसही निव्वळ अंदाजाने बरोबर येतो. शब्द त्या वर्गातला हवा, पण पहिल्यांदा सुचणारा नको. बाकी चुका नेहमीच्याच. श्रवणयंत्र काढून ठेवलेलं, चष्मा दुसऱ्या खोलीत, झोपेच्या गोळीचा अंमल उतरलेला नाही, चाचणी परक्या भाषेत. यांपैकी एकही असेल तर निकाल बाजूला ठेवा.

अपवादही आहेत. अल्झायमर अगदी सुरुवातीला असेल तर हिंटचा बऱ्यापैकी उपयोग होतो. उलट रक्तवाहिन्यांच्या आजारात नेमका हिपोकॅम्पसला किंवा थॅलॅमसला (मेंदूच्या मध्यातल्या केंद्राला) फटका बसला असेल तर हिंट वाया जाते. हिंटमुळे कळतं ते बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे एवढंच. आजाराचं नाव त्यातून आपोआप निघत नाही.

प्रश्न २. ताज्या आठवणी आधी पुसतात आणि जुन्या उशिरा, हे थिओड्यूल रिबो यांनी १८८१मध्येच मांडलं होतं. हिपोकॅम्पसचा वाटा स्पष्ट झाला तो हेन्री मोलेसन या रुग्णामुळे. अपस्मार आटोक्यात यावा म्हणून १९५३मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी मोलेसन यांच्या दोन्ही टेंपोरल लोबांचा आतला भाग काढला. त्यानंतर नवीन प्रसंग त्यांच्या लक्षात राहीनासे झाले. पण मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात बघून चांदणीच्या दुहेरी रेषांमधून पेन्सिल फिरवायला दिली, तेव्हा तीन दिवसांत त्यांचा हात सुधारत गेला. आपण हे आधी केलंय याचा मात्र दर वेळी पत्ता नाही. म्हणजे हाताची सवय वेगळ्या यंत्रणेत बसते (खोलवरची बेसल गँग्लिया ही केंद्रं आणि सेरेबेलम, म्हणजे मागचा लहान मेंदू) आणि प्रसंगाची आठवण वेगळ्या.

सर्वसाधारण समजूत अशी की प्रसंगाचे तुकडे कॉर्टेक्समध्ये विखुरलेले असतात, हिपोकॅम्पस त्यांना एकत्र धरून ठेवतो, आणि वर्षानुवर्षं उजळणी झाली की कॉर्टेक्समधल्या तुकड्यांचे आपसातले दुवे पक्के होऊन त्याची गरज कमी होते. "जुनं सगळं लख्ख आठवतं" हे मात्र मला अर्धसत्य वाटतं. जे आठवतं ते शेकडो वेळा सांगून घोटलेले किस्से असतात. त्याच काळातला न सांगितलेला एखादा दिवस विचारा. तिथे कोण होतं, आधी काय झालं, नंतर काय झालं, हे तपशील खोदायला लागलात की तिथेही पोकळी दिसते. टिपणात "जुनी स्मृती शाबूत असते" असं लिहू नका. "घोटलेली स्मृती जास्त काळ टिकते" असं लिहा.

---

वेलांटी

अर्धविराम यांना +१. फक्त एक भर.

घरचे ज्याला "विसरतात" म्हणतात त्यातला एक प्रकार या चौकटीत बसतच नाही. सिमँटिक डिमेन्शियात टेंपोरल लोबचं पुढचं टोक झिजतं, बहुधा डाव्या बाजूला जास्त. काल कोण आलं होतं, आज कुठे जायचंय, हे माणूस ठीक सांगतो. पण कात्री दाखवली तर नाव येत नाही, पहिलं अक्षर सांगून उपयोग होत नाही, आणि "हिने काय करतात?" यालाही उत्तर नाही. वाक्यं मात्र अस्खलित. "ती वस्तू, ते तसलं" यांचा भरणा वाढतो आणि एखादा साधा शब्द कानावर पडला की "म्हणजे काय?" असा प्रतिप्रश्न येतो. नाव ओठांवर अडकणं निराळं. तिथे उपयोग माहीत असतो आणि पहिलं अक्षर पुरतं.

नुसता "शब्द आठवत नाहीत" एवढाच निरोप डॉक्टरांकडे नेऊ नका, सोबत दोन-तीन उदाहरणं लिहून न्या.

---

ओपीडी_दुपारची

प्रश्न ४.

सगळ्यात आधी एकच विचारा: हे किती दिवसांपासून? याचं उत्तर कुठल्याही स्कॅनइतकंच मोलाचं.

तासा-दिवसांत सुरू झालं, कधी बरं तर कधी फारच बिघडलेलं, माणूस पेंगुळलेला किंवा भलताच चिडलेला असेल तर तो डिलीरियम, म्हणजे अचानक आलेला गोंधळ, समजून चला. कारण मेंदूबाहेरचंही असू शकतं: लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, सोडियम घसरणं, पाणी कमी पडणं, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, नवीन गोळी, किंवा रोजची गोळी एकदम बंद करणं. आधीच स्मृतिभ्रंश असलेल्याला तो लवकर होतो, आणि मग "आजार वाढला" म्हणून सोडून दिलं जातं. हे वारंवार घडतं. त्याच दिवशी दाखवलं पाहिजे.

आठवड्यांत वाढलं, डोकेदुखी आहे, चाल बिघडली आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे किंवा महिन्या-दोन महिन्यांत पडणं झालंय, तर कवटीच्या आत हळूहळू साकळलेलं रक्त, म्हणजे सबड्युरल हिमॅटोमा, वगळा. धक्का किरकोळ होता म्हणून सूट नाही. सीटी स्कॅन पुरतो.

चाल, लघवी आणि स्मृती या तिन्ही गोष्टी एकत्र बिघडल्या, त्यातही पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल आधी आली, तर मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये पाणी साठण्याचा आजार मनात धरा, नॉर्मल प्रेशर हायड्रोसिफॅलस. पाठीतून ३० ते ५० मिली पाणी काढून चाल आधी आणि नंतर मोजतात. चाल सुधारली तर शंट, म्हणजे जादा पाणी वाहून नेणारी नळी, बसवण्याचा विचार होतो. स्मृती मात्र चालीइतकी सुधारत नाही, हे घरच्यांना आधीच सांगावं.

रक्ततपासण्या: हिमोग्राम, बी-१२, टीएसएच (थायरॉइड), सोडियम, कॅल्शियम, साखर, मूत्रपिंड आणि यकृत. शंका असेल तर एचआयव्ही आणि सिफिलिस. मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी सापडतं. नुसतं फॉलिक ॲसिड देऊन हिमोग्लोबिन सुधारतं आणि मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते, म्हणून बी-१२ मोजल्याशिवाय फॉलिक सुरू करू नये. जोरात घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं याचीही चौकशी करा. रात्रभर ऑक्सिजन खाली-वर होत असेल तर दिवसा लक्ष लागत नाही, आणि लक्ष नाही तर नोंद नाही.

गुणांबद्दल थोडं. मोका चाचणी (स्मृती, लक्ष, नियोजन तपासणारी) ३० गुणांची, २६ आणि वर म्हणजे सर्वसाधारण, शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण जास्तीचा देतात. पण दोन माणसांना सारखेच २४ पडले तरी त्यांचा आजार सारखा नसतो. एकाचे पाचही शब्द गेले आणि तारीख चुकली: ५ अधिक १, सहा गुण गेले. दुसऱ्याने शब्द चार सांगितले, पण घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवताना काटा दहाच्या आकड्यावर नेला, १०० मधून सातसात वजा करताना अडखळला, आकडे आणि अक्षरं आळीपाळीने जोडायची वाट चुकली. पहिल्याचा बिघाड साठवणीचा, दुसऱ्याचा लक्ष आणि नियोजनाचा. फाइलमध्ये एकूण आकडा नको, चाचणीचा भरलेला कागद ठेवा.

एमआरआय सांगताना हिपोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात, कोरोनल दिशेने (कानापासून कानापर्यंत उभे) काप मागावे लागतात. टेंपोरल लोबची झीज ० ते ४ अशा श्रेणीत देतात. सत्तरीच्या पुढे थोडी झीज सर्वसाधारण धरतात, त्यामुळे "वयोमानानुसार झीज" या शेऱ्याने घाबरायचंही नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही.

---

कवडसा

खूप उपयोगी. घोटलेली स्मृती हा मुद्दा तर माझ्या टिपणात सरळ चुकीचाच उतरला असता.

प्रश्न ३ राहिला. आणि ज्यांच्यात नोंदच होत नाही त्यांना काहीच नवीन शिकवता येत नाही असं समजायचं का? मोलेसन यांचा हात तर शिकला.

---

पायरीपायरी

शिकवता येतं, पण "आठवा बघू" या वाटेने नाही.

आपण चुकतो, चूक लक्षात ठेवतो, पुढच्या वेळी ती टाळतो. यासाठी "मघाशी मी चुकलो" ही प्रसंगाची आठवण लागते, आणि नेमकी तीच गेलेली असते. उरते ती नकळत घट्ट होणारी स्मृती. तिला बरोबर-चूक कळत नाही, जे तोंडातून निघालं तेच ती पक्कं करते. "मी कोण?" विचारलंत, उत्तर आलं "माझा भाऊ", तुम्ही हसून "नाही हो, मुलगा" म्हणालात. अशा दहा फेऱ्यांत 'भाऊ' दहा वेळा घटवून झाला. ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४मध्ये हेच दाखवलं: विस्मरण झालेल्यांना अंदाज बांधू न देता शिकवलं तर जास्त टिकतं. म्हणून पहिला नियम, चूक घडूच द्यायची नाही. खोलीत शिरताना "मी तुमचा मुलगा, आत्ताच आलो" असं आपणहून सांगायचं.

दुसरं तंत्र, वाढत्या अंतराने विचारणं. पद्धत अशी:

एकच लक्ष्य निवडा, रोज उपयोगी पडणारं. "उठण्याआधी काय करायचं?" "वॉकर पकडायचा." प्रश्नाचे आणि उत्तराचे शब्द ठरवून कागदावर लिहा. घरातल्या सगळ्यांनी अगदी तेच वापरायचे. एक जण "वॉकर धरा", दुसरा "काठी घेतली का" असं करू लागला की सगळी मेहनत पाण्यात.

आधी उत्तर सांगा, लगेच प्रश्न विचारा. बरोबर आलं की ३० सेकंदांनी, मग १, २, ४, ८, १६ मिनिटांनी. मधल्या वेळात गप्पा, पत्ते, कपड्यांच्या घड्या, काहीही चालेल. फक्त तो विषय नको. हे अंतर मनात घोकून काढायचं नसतं.

उत्तर चुकलं किंवा अडखळलं, तर थांबू नका. "आठवा, आठवा" नाही आणि पहिलं अक्षरही नाही. लगेच बरोबर उत्तर सांगा, लगेच म्हणवून घ्या, आणि ज्या अंतरावर शेवटचं बरोबर आलं होतं तिथे परत या. ८ वर चुकलं तर ४ वर.

उत्तराला हालचालीची जोड द्या. "वॉकर पकडायचा" म्हणताना हात प्रत्यक्ष वॉकरवर गेलाच पाहिजे. नुसतं तोंडपाठ झालेलं उत्तर गरजेच्या वेळी पायांत उतरत नाही.

एक बैठक अर्ध्या-पाऊण तासाची, आठवड्यातून निदान तीनदा. सलग तीन बैठकींच्या सुरुवातीलाच, काहीही न सांगता, बरोबर उत्तर आलं की ते लक्ष्य झालं. तोवर दुसरं घेऊ नका.

काय बिनसतं? बहुतेकदा लक्ष्यच चुकलेलं असतं. "आज तारीख काय?" हे शिकवण्यात अर्थ नाही, उद्या उत्तर बदलणार. त्याऐवजी "तारीख कुठे बघायची?" "भिंतीवरच्या पाटीवर" हे शिकवा, आणि पाटी खुर्चीतून दिसेल अशी, दररोज एकाच माणसाने बदलायची. दुसरं, अंतर वाढवायची घाई. पहिल्या बैठकीत चार मिनिटांवर अडकलं तर तिथेच राहा. आणि लगेच विचारूनही तीन प्रयत्नांत उत्तर परत म्हणता आलं नाही, तर लक्ष्य सोपं करा. तरीही जमत नसेल तर हे तंत्र सोडून नुसत्या खुणा लावा: कपाटाच्या दारावर आतल्या कपड्यांचं चित्र, संडासाचं दार रात्री उघडं आणि दिवा चालू.

प्रश्न विचारावाच लागला तर पर्याय द्या. "काय घालू?" यापेक्षा "निळा सदरा की पांढरा?" समोरचं ओळखणं बिनआधाराने आठवण्यापेक्षा सोपं जातं.

तोच प्रश्न दर पाच मिनिटांनी येत असेल तर "आत्ताच सांगितलं ना!" हे वाक्य यादीतून काढून टाका. सांगितल्याची नोंद त्यांच्याकडे नाही, पण तुमचा चढलेला स्वर मात्र मागे उरतो. एदुआर क्लापारेद यांनी १९११मध्ये लिहिलेलं उदाहरण इथे चपखल बसतं. बोटांत टाचणी लपवून त्यांनी एका विस्मरणग्रस्त बाईंशी हात मिळवला. नंतर बाईंना ती भेट आठवेना, टाचणीही आठवेना, पण त्या हात पुढे करेनात. टिपणात एवढी एक गोष्ट ठळक छापा. उत्तर द्या, शक्य असेल तर लिहून हातात द्या, आणि प्रश्नामागे भीती आहे का, कंटाळा आहे का, लघवी लागली आहे का ते बघा.

---

गोळीचा_हिशेब

गोळ्यांचं मी लिहितो. मात्रा माहितीसाठी आहेत, सुरू-बंद डॉक्टरांनीच करायचं.

आधी काढायच्या गोळ्या बघा, द्यायच्या नंतर. नवीन नोंद करण्यासाठी मेंदूला ॲसिटिलकोलीन लागतं, आणि अल्झायमरमध्ये ते बनवणाऱ्या पेशी लवकर कमी होतात. त्यात ॲसिटिलकोलीन अडवणारी औषधं चालू असतील तर दुष्काळात तेरावा महिना. नेहमी सापडणारी नावं: ऑक्सिब्युटिनिन (लघवीची घाई), ॲमिट्रिप्टिलिन (झोप, नसांचं दुखणं), ट्रायहेक्सिफेनिडिल (थरथर), डायफेनहायड्रामिन आणि क्लोरफेनिरामिन (सर्दी-खोकल्याची मिश्रणं, म्हणून कोणी 'औषधांच्या' यादीत सांगतच नाही). शिवाय अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम हा गट, जो नवीन आठवण पक्की होऊ देत नाही. हा गट एकदम बंद करायचा नाही, अपस्मारासारखे झटके येऊ शकतात. मात्रा हळूहळू उतरवतात.

डोनेपेझिल (ॲसिटिलकोलीन वाढवणारी गोळी): दिवसातून एकदा ५ मिग्रॅ, ४ ते ६ आठवड्यांनी १० मिग्रॅ. मळमळ, जुलाब, भूक मंदावणं. रात्री घेऊन भलती ज्वलंत स्वप्नं पडत असतील तर वेळ सकाळची करून घेता येते. नाडी मंदावते, म्हणून आधी ईसीजी बघावा. बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयासाठीची, नाडी मंदावणारी गोळी) चालू असेल आणि चक्कर येऊन पडणं सुरू झालं तर या जोडीवर संशय घ्या.

एक साखळी नेहमी दिसते. डोनेपेझिलमुळे लघवीची घाई होते, म्हणून कोणी ऑक्सिब्युटिनिन लिहितं. आता एक गोळी ॲसिटिलकोलीन वाढवतेय, दुसरी अडवतेय. वेगवेगळ्या डॉक्टरांची प्रिस्क्रिप्शनं एका कागदावर उतरवल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

रिव्हास्टिग्मिन पॅच (त्याच गटातलं औषध, कातडीवर चिकटवायची पट्टी): २४ तासांना ४.६ मिग्रॅपासून सुरुवात, निदान ४ आठवड्यांनी ९.५. यातली धोक्याची चूक म्हणजे जुना पॅच न काढता नवा लावणं. पाठीवर तीन-चार पॅच साठले की उलट्या, मंद नाडी, बेशुद्धी. जुना काढला, मग नवा लावला, त्यावर तारीख लिहिली, हाच क्रम. त्याच जागी १४ दिवस पुन्हा नाही. कापायचा नाही, त्यावर गरम पिशवी ठेवायची नाही. तीन दिवसांहून जास्त खंड पडला तर पुन्हा ४.६ पासून.

मेमँटिन: मध्यम आणि पुढच्या टप्प्यात. ५ मिग्रॅपासून दर आठवड्याला ५ ने वाढवत २० पर्यंत, मूत्रपिंड फारच कमजोर असेल तर निम्म्यावर थांबतात.

यांपैकी काहीही झीज थांबवत नाही. काही महिने, कधी त्याहून जास्त काळ घसरण मागे ढकलली जाते. फ्रंटोटेंपोरल प्रकारात (सिमँटिक डिमेन्शिया यातलाच) डोनेपेझिलच्या गटाचा फायदा दिसत नाही, वागणूक उलट बिघडू शकते. म्हणून वर वेलांटी यांनी लिहिलेला फरक गोळीसाठीही महत्त्वाचा. लुई बॉडी प्रकारात (दिवसागणिक चढउतार, नसलेली माणसं-प्राणी दिसणं, झोपेत हातपाय झाडणं) रिव्हास्टिग्मिनचा बऱ्याचदा चांगला उपयोग होतो, पण भास थांबावेत म्हणून हॅलोपेरिडॉल दिलं तर शरीर ताठरून जीवावर बेतू शकतं. हे फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत लिहून ठेवा.

अमायलॉइड काढणारी लेकॅनेमॅब (अमेरिकेत २०२३ला मंजुरी) आणि डोनॅनेमॅब (२०२४) यांबद्दल फार विचारणा होते. लेकॅनेमॅब दर दोन आठवड्यांनी शिरेतून, वजनाच्या किलोमागे १० मिग्रॅ. १८ महिन्यांच्या चाचणीत घसरण २७ टक्के कमी झाली. ऐकायला मोठं, पण १८ गुणांच्या मोजपट्टीवर दोन गटांतला फरक ०.४५ गुणांचा. फक्त सुरुवातीच्या टप्प्यात, आणि अमायलॉइड असल्याचं सिद्ध झाल्यावरच. मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून ठरावीक टप्प्यांवर एमआरआय. एपीओई-४ या अल्झायमरशी जोडलेल्या जनुकाच्या दोन प्रती असणाऱ्यांना हा धोका जास्त. गेलेली स्मृती याने परत येत नाही.

---

रिकामी_ओळ

एक उपप्रश्न. माणूस सकाळी ठणठणीत होता, दुपारी एकदम "आपण इथे कशाला आलो?" हेच दर मिनिटाला विचारायला लागला, बाकी बोलणं-चालणं नीट. हे या सगळ्यात कुठे बसतं?

---

ओपीडी_दुपारची

वर्णन ट्रान्झियंट ग्लोबल ॲम्नेशियाचं आहे. स्वतःचं नाव माहीत असतं, घरची माणसं ओळखतात, हातपाय नीट, फक्त नवीन काहीही टिकत नाही. काही तासांत ओसरतं, जास्तीत जास्त २४ तास. तेवढ्या वेळाची आठवण मात्र पुढे कधीच येत नाही. हिपोकॅम्पसमध्ये एमआरआयवर बारीक ठिपका दिसू शकतो, तोही बहुधा एक ते तीन दिवसांनी, त्यामुळे पहिल्या तासातला कोरा स्कॅन काही सिद्ध करत नाही.

पण हे नाव घरी ठरवायचं नाही. मेंदूच्या मागच्या रक्तवाहिनीतला किंवा थॅलॅमसचा स्ट्रोक सुरुवातीला हुबेहूब असाच दिसू शकतो. तडक रुग्णालय. वाटेत रक्तातली साखर मोजा आणि माणूस शेवटचा नीट कधी दिसला ती वेळ लिहून घ्या.

असे प्रसंग पुन्हापुन्हा, तासाभराच्या आतले, आणि विशेषतः झोपेतून उठताना होत असतील तर अपस्मारातलं विस्मरण असू शकतं. ते झटक्यांच्या गोळ्यांना चांगली दाद देतं.

ताप, वागण्यात बदल आणि विस्मरण एकत्र आलं तर हर्पीस एन्सेफलायटिस, म्हणजे हर्पीस विषाणूने मेंदूला येणारी सूज, मनात धरा. ॲसिक्लोव्हिर शिरेतून, किलोमागे १० मिग्रॅ दर ८ तासांनी, १४ ते २१ दिवस. रिपोर्टची वाट न बघता सुरू करतात, कारण हा विषाणू टेंपोरल लोबच खातो.

आणि जास्त मद्यपान, आठवडेच्या आठवडे उलट्या, जठराची शस्त्रक्रिया किंवा दीर्घ उपासमार यांनंतर गोंधळ, डोळ्यांची हालचाल बिघडणं, तोल जाणं यांतलं एक जरी दिसलं तरी थायमिन, म्हणजे बी-१, शिरेतून द्यायचं. ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत, नंतर नाही. तिन्ही लक्षणांची वाट बघत बसलात तर कोर्साकॉफ सिंड्रोम, म्हणजे कायमचं विस्मरण, उरतं. मॅमिलरी बॉडी (मेंदूच्या तळाची स्मृतीशी जोडलेली केंद्रं) आणि थॅलॅमसची ती हानी बहुतेकांत पुरती भरून येत नाही, आणि स्मृतीतल्या पोकळ्या माणूस मनच्या गोष्टींनी भरायला लागतो. ते खोटं बोलणं नव्हे. त्याला त्या खऱ्याच वाटत असतात.

---

कवडसा

टिपणाचा आराखडाच बदलतेय. गोळीचा_हिशेब, एक शेवटचं: पॅच आंघोळीत निघाला तर?

---

गोळीचा_हिशेब

दिवसाच्या उरलेल्या वेळासाठी नवा लावायचा, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी तोही काढून पुढचा. निघालेला पॅच सापडेपर्यंत शोधा. तो टॉवेलला चिकटून दुसऱ्याच्या अंगावर जाऊ शकतो. सापडला की औषधाची बाजू आत दुमडून, मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी टाका. मग साबणाने हात धुवा. त्याआधी डोळे चोळू नका.